आधी काढायची तारीख लिही

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, सोबतची नऊ चित्रंही आली. चष्मा बदलून दोनदा पाहिली. संध्याकाळचा केशरी उजेड, बंदराचा धक्का, त्यावर तुझी पंधरा फुटी कमान आणि तिच्याखालून चाललेली पांढऱ्या कपड्यांतली चार माणसं. ही कुठली रे माणसं? तुमच्या धक्क्यावर पांढरे कपडे घालून फक्त मतं मागायला येतात. नऊ चित्रांत पाटी घेतलेली एक बाई नाही, जाळं शिवणारा एक म्हातारा नाही, कुत्रं नाही, कावळा नाही. कॉम्प्युटरला कावळा काढायला सांगितलं असतंस तर तो काही नाही म्हणाला नसता.

असो. तू विचारलंयस, कमानीला स्टेनलेस घेऊ की फायबर. दोन पानांत तीनदा विचारलंयस. सरपंचांना कायमचं काहीतरी हवंय, गावाचं नाव आणि पुढे फोटो काढायला जागा. तुझ्या मनात जुनी जाळी, काथ्या, बांबू. आणि पैसे देणारे म्हणतात, अर्जात 'टिकाऊ' हा शब्द घाला. या ओढाताणीत तुझी झोप उडालीय, ते कळतं मला. पण अख्ख्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही. हे उभं केलेलं तू तिथून काढणार कधी? तारीख? निदान महिना?

हा प्रश्न माझा नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझं पहिलं मोठं काम एका धक्क्यावर उभं राहिलं. नारळ फुटला, भाषणं झाली, फोटो झाले. एक बाई डोक्यावरची पाटी न उतरवता सगळं बघत उभी होती. माणसं पांगल्यावर म्हणाली, "बाये, ह्या काढतलंस कधी?" तिला वाटलं, कसलातरी मांडव आहे, कार्य झालं की निघेल. मी शहरात कला शिकून आलेली. "हे कायमचं आहे, काकी," असं तिला सांगितलं. हळू आवाजात, समजावून. त्या हळू आवाजाची मला आजही लाज वाटते.

काम काय होतं ते ऐक. तीन मिलिमीटर पत्र्याची सात शिडं, चौदा फूट उंच, चार फूट रुंद. प्रत्येकाच्या बेसप्लेटला चार बोल्ट, धक्क्याच्या काँक्रीटमध्ये भोकं पाडून पक्के केलेले. शिडं! वारा धरण्यासाठीच माणसाने जी वस्तू शोधून काढली, ती मी समुद्रासमोर खिळवून ठेवली. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात अशा एका पत्र्यावर साधारण साठ किलोचा रेटा येतो. १०० च्या वाऱ्यात तो अडीचशेच्या घरात जातो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा शंभरावर होता. माझी शिडं तोवर शिल्लक नव्हती, हे कोणाचं तरी नशीब.

पहिल्या पावसाळ्यात रंगाला फोड आले. दुसऱ्यात पापुद्रे सुटले. गंज नुसता खात नाही, फुगतो. मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. बोल्ट फुगले, काँक्रीट तडकलं, पत्र्याची खालची कड करवतीसारखी झाली. आणि मला जी जागा 'मोकळी' दिसली होती, तिथे बायकाबाप्ये जाळी पसरायचे. मी ती जागा दोनदाच पाहिली होती, दोन्ही वेळा भर दुपारी. दुपारी धक्का मोकळाच असतो. जाळी त्या कडांना अडकून फाटायला लागली.

तिसऱ्या वर्षी गेले तर सातही शिडांच्या पायाला गुडघाभर गोणपाट. हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेलं, जाळं शिवतात त्याच गाठीने, गाठीगाठीतलं अंतर सारखं, कोपऱ्यावर दुहेरी टाके. मी संतापले. माझ्या शिल्पाला पोती! ज्या कार्यालयाने काम दिलं होतं तिथे जाऊन तक्रार केली. आज विचारशील तर त्या अख्ख्या कामात बघण्यासारखं तेवढंच होतं आणि ते मी केलेलं नव्हतं. एक फोटोसुद्धा काढला नाही.

तेव्हाच काढायला हवं होतं. चार माणसं, एक दिवस, एक टेम्पो. नाही काढलं. कार्यालय म्हणालं, उभारणीचं बजेट होतं, काढण्याचं हेड नाही. त्यांच्यावर ढकलायला मला आवडेल, पण खरी अडचण माझीच होती. माझ्या टेबलावर त्या वेळी अमेरिकन शिल्पकार रिचर्ड सेराच्या 'टिल्टेड आर्क'चा फोटो असायचा. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात १९८१ साली उभी राहिलेली पोलादी भिंत, १२० फूट लांब, १२ फूट उंच. रोज ऑफिसला जाणाऱ्यांना वळसा पडायचा, तक्रारी झाल्या, १९८५ ला सुनावणी झाली, मार्च १९८९ मध्ये रात्रीत कापून हलवली. सेराचं म्हणणं असं, की जागेसाठी केलेलं काम जागेवरून हलवणं म्हणजे ते नष्ट करणं. आम्ही सगळे त्याच्या बाजूने. अर्धी मी अजूनही आहे. पण वळसा घालणाऱ्या माणसाच्या बाजूने मी तेव्हा एकदाही विचार केला नव्हता. मीच माझ्या गावठी सेरागिरीत अडकले. शेवटी एके रात्री कोणीतरी गॅसकटरने शिडं कापून भंगारात घातली. बरं झालं.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस, 'धक्क्याच्या उत्तर टोकाला काँक्रीटमध्ये जुने बोल्ट आहेत, कसले ते कोणालाच ठाऊक नाही, मामाच्या पायाला एकदा लागलेही होते, बेससाठी वापरता येतील का?'

कसले ते मला ठाऊक आहे. आणि नाही, वापरता येणार नाहीत.

आता कळलं ना मी एवढी का चिडलेय? स्टेनलेस की फायबर हा दुसरा प्रश्न आहे. आधी काढायची तारीख लिही. कागदाच्या डोक्यावर, नावाच्याही आधी. तारीख लिहिलीस की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. किती जड असावं, किती तुकड्यांत असावं, कुठला पाना लागावा, कुठल्या टेम्पोत मावावं, कोणाच्या पडवीत राहावं. 'कायमचं' म्हटलंस की यातलं काहीच विचारावं लागत नाही, म्हणून तर तो शब्द सगळ्यांना आवडतो.

क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ७,५०३ केशरी कमानी उभ्या केल्या, फेब्रुवारी २००५ मध्ये. किती दिवसांसाठी? सोळा. कल्पना १९७९ ची, म्हणजे सव्वीस वर्षं परवानग्यांच्या मागे. आणि बागेत एकही खड्डा नाही, सगळं पोलादी वजनांवर उभं. सोळा दिवसांनी उचललं आणि गेले. त्या माणसांएवढी चिकाटी आपल्यात नाही असं नाही. त्यांनी काढण्याचा विचार कामाच्या आत घेतला होता, आपण तो कामाच्या नंतर ठेवतो.

पण न्यूयॉर्क कशाला, तुझ्या घरी बघ की. चतुर्थीला गणपतीवर माटवी बांधता ती काय असते? कवंडळं, नारळ, सुपारीचे घड, हरणाची फुलं, आंब्याचे टाळ. कोणाच्या घरची माटवी कशी यावर वाडीभर चर्चा होते आणि विसर्जनानंतर सगळं उतरतं. चौकट पुसून पुढच्या वर्षासाठी माळ्यावर. शिमग्याला होळीचं झाड वाजतगाजत आणता, उभं करता, पण त्याला काँक्रीटचा पाया घालू म्हणणारा अजून गावात जन्मलेला नाही. पावसाआधी भिंतीला माडाच्या चुडताची झापं लागतात, दिवाळीच्या सुमाराला निघतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तोवर होड्या वर ओढलेल्या. अख्खा किनारा वर्षात दोनदा उतरवतो आणि दोनदा उभारतो. त्यात एकटा आर्टिस्टच तेवढा कायमचा?

तू म्हणशील, कातळशिल्पं? म्हणशीलच, कारण चित्र क्रमांक चारच्या खाली तू लिहिलंयस तसं. हो, सड्यावरची ती हजारो वर्षं टिकली, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. पण कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती नीट बघून ये. तो जमिनीत आहे. तिथे काही उभं केलेलं नाही, फक्त जांभा खोदून काढलेला आहे. वाऱ्याला धरायला काही नाही, पावसाला सोलायला रंग नाही. टिकायचंच असेल तर तसं टिकावं, आडवं होऊन. तुझी कमान पंधरा फूट उंच आहे. मालवणला राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला पडला. त्यातलं राजकारण तुला माझ्याहून जास्त ठाऊक, त्यात मी पडत नाही. पण त्यानंतरही याच किनाऱ्यावर अर्जात 'टिकाऊ' लिहिताना तुझा हात जरा थबकायला हवा होता.

बरं, सामानाचं एकदा सांगून टाकते, नाहीतर पुन्हा विचारशील. स्टेनलेस घेतलंस तर ३०४ ग्रेड नको, ३१६ घे. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत तेच तारतं. तरीही गोड्या पाण्याने धुवत राहावं लागतं. कोण धुणार, सरपंच? फायबर उन्हाने भुरभुरतं, काचेचे तंतू वर येतात आणि शेवटी भंगारवालाही घेत नाही. कोणी हुशार माणूस कॉर्टेन पोलाद सुचवेल, गंजच त्याचं संरक्षण करतो म्हणून. खाऱ्या वाऱ्यात तो थर बसतच नाही, गंजत राहतो. तुझी जाळी आणि काथ्याच बरी. जाळ्यातून वारा निघून जातो. पण चार घड्या करून ताणलंस तर तो पत्राच झाला, हे विसरू नको. नायलॉनचा एक तुकडाही पाण्यात जाता कामा नये, कासवं अडकतात. धक्क्याच्या टोकाला लाल-हिरवे दिवे दाखवलेयस ते आजच्या आज खोड. रात्री खाडीत शिरणारा तांडेल लाल-हिरव्या दिव्यांवर वाट धरतो. तुझ्या कलेपायी त्याने होडी खडकावर घालायची का?

पायाला बोल्ट नाहीत. एकही नाही. जांभ्याचे चिरे वापर. चांगला चिरा तीसेक किलो भरतो. चौकटीत रचून वजन दे, किती लागतील ते इंजिनिअरकडून काढून घे, अंदाजाने नको. काम उतरलं की ते चिरे कोणाच्या तरी कुंपणाच्या गडग्यात जाऊ देत. आणि दर चार रुपयांतला एक काढण्यासाठी बाजूला ठेव, वेगळ्या पाकिटात. हे पाकीट तुला उभारणीच्या आदल्या रात्री फोडावंसं वाटेल. तेव्हा मला फोन कर, मी शिव्या देईन.

परवानग्यांचं पुढे बघू. सीआरझेड म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, मेरीटाइम बोर्ड, ग्रामपंचायत, चपला झिजतील, पण झिजवाव्या लागतात. तारीख असलेल्या अर्जाकडे साहेब जरा वेगळ्या नजरेने बघतात, एवढा माझा अनुभव. सरपंचांना सांग, दर दिवाळीनंतर नव्याने उभारू, मेच्या मध्याला उतरवू, म्हणजे दर वर्षी उद्घाटन आणि दर वर्षी पेपरात फोटो. ते ऐकतील.

माझं म्हणशील तर या हट्टापायी गेल्या काही वर्षांत माझी दोन मोठी कामं गेली. करारात काढण्याचं कलम घाला म्हटलं की समोरचे एकमेकांकडे बघतात. माझ्यामागे म्हणतात, बाई काम उभं राहायच्या आधीच त्याचं बारावं घालते. म्हणू देत. एका कामाच्या जागी आता कोणीतरी बारा फुटी मासा बसवलाय, फायबरचा, निळा, डोळ्यांत बल्ब. मी तो केला असता तर घराचं छप्पर शाकारून झालं असतं. नाही केला. हेही खरं, की जाता-येता त्या माशाकडे मी जरा जास्तच वेळ बघते. त्याच्या शेपटीचा रंग सुटायला लागलाय हे पहिल्यांदा माझ्याच लक्षात आलं आणि मला आनंद झाला. तू एवढा कडवट होऊ नको. पण तारीख मात्र लिही.

आणि धक्क्यावर बस. एकदा पहाटे, होड्या येतात तेव्हा. एकदा अमावास्येच्या उधाणात, पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढतं ते खडूने मार्क कर. एकदा भांगाच्या दिवशी, भरती कमी चढते तेव्हा. जाळी कुठे पसरतात, पाट्या कुठे टेकवतात, म्हातारे कुठल्या सावलीला सरकतात. मग दहावं चित्र काढ आणि त्यात कावळा घाल.

येत्या अमावास्येला मी येतेय. एसटीने, दुपारपर्यंत पोचेन. ग्राइंडर माझा आहे, कटिंग व्हील दोन डझन आणते. लाइट लागेल, आणि पन्नास फूट वायर. मामाच्या बर्फाच्या कारखान्यातून लाइन घेता येईल का ते विचारून ठेव. काँक्रीट तडकलंय तिथे भरायला सिमेंटची अर्धी गोण आणि थोडी खडी हवी. अठ्ठावीस बोल्ट होते. त्यातले किती उरलेत ते मोजून कळव.