सिएम रीपमध्ये लहान मुलांना घेऊन हस्तकलेचे बाजार बघावेत का?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात 6 आणि 10 वर्षांच्या मुलांना घेऊन कंबोडियाला जाताय, अंकोरची देवळं तर बघणारच, पण सिएम रीपचे पारंपरिक हस्तकलेचे बाजार मुलांसोबत जमतील का की नुसती किरकिर होईल. आम्ही गेलो तेव्हा लेक 9 ची होती आणि लेकाचं वय 5. किरकिर झाली, पहिल्याच संध्याकाळी, आणि चूक आमचीच होती.

आम्ही काय केलं तर हॉटेलात बॅगा टाकल्या आणि थेट प्सार चास गाठलं. प्सार म्हणजे बाजार, चास म्हणजे जुना. बाहेरच्या बाजूने स्कार्फ, पर्सेस, फ्रिजवरची मॅग्नेट्स, हत्तीवाल्या ढगळ पँटी, आणि आत मधोमध भाजी, मासळी, मटण. तिथे प्राहोक म्हणून आंबवलेल्या माशांचा लगदा टोपल्या भरभरून विकायला असतो, आम्ही सुकट खाणारी माणसं पण पोरगा नाक दाबून जो बाहेर पळाला तो परत आत यायलाच तयार नाही. आणि खरं सांगायचं तर मुलांच्या नजरेने सगळी दुकानं एकसारखीच दिसतात, विसाव्या मिनिटाला "आई चल ना" सुरू.

म्हणून माझं एकच सांगणं, आधी वस्तू बनते कुठे ते दाखवा, बाजार नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आर्टिझान्स अंकोर या हस्तकलेच्या संस्थेच्या वर्कशॉपला गेलो, जुन्या बाजारापासून चालत जाता येतं, बघायला पैसे पडत नाहीत, गाइडही तेच देतात. दगड, लाकूड, लाखेचं काम, रेशमावरचं पेंटिंग, सगळं समोर चालू असतं. एक कारागीर सातव्या जयवर्मन राजाचं मिटल्या डोळ्यांचं डोकं घडवत होता. छिन्नी पापणीच्या कडेला ठेवायची, हातोडीची हलकीशी टिचकी, फुंकर मारून धूळ उडवायची, परत टिचकी. आमचं कार्टं, जे घरात पाच मिनिटं एका जागी बसत नाही, ते त्या माणसासमोर उकिडवं बसून राहिलं, शेवटी मलाच पाय दुखले म्हणून उठवावं लागलं. (नंतर बायोनला, म्हणजे मोठमोठ्या दगडी चेहऱ्यांच्या देवळात गेल्यावर "हे चेहरे पण असेच टिचक्या मारून केले का" हे सतरा वेळा विचारून झालं.)

त्यांचंच रेशीम फार्म पुओकला आहे, गाडीने अर्धाएक तास. आम्हाला वर्कशॉपपासून फुकट बस मिळाली होती, तुम्ही गेल्यावर विचारून घ्या. तुतीची पानं, सुपासारख्या पसरट टोपल्यांत खाणाऱ्या अळ्या, आणि कोश मात्र पांढरे नाहीत, हळदीसारखे पिवळे, तिथल्या जातीचा तो रंगच आहे. गरम पाण्यात कोश टाकून एक बाई धागा ओढत होती तर लेकीने विचारलंच, "मग आतली अळी मेली का?" उत्तर तयार ठेवा, मी गडबडले होते. पुढे मागावर जायच्या आधी धाग्यांना ठिकठिकाणी गाठी बांधून रंगवतात, म्हणजे डिझाइन विणायच्या आधीच धाग्यात असतं, आपल्याला पटोला माहीत आहे तसंच, ते याला होल म्हणतात. ख्मेर रूजच्या क्रूर राजवटीत, 1975 ते 79, कितीतरी कारागीर गेले आणि त्यांच्यासोबत हे हुनरही जवळजवळ गेलं होतं, ते माणसं शिकवून परत उभं केलंय. लहान्याला हे सांगितलं नाही, मोठीला थोडं सांगितलं.

त्या संध्याकाळी परत प्सार चास, आणि आता आमच्या लेकबाई एकदम जाणकार, स्कार्फ उलटा करून मागची बाजू बघतायत. तिला घ्यायचा होता क्रामा, चौकड्यांचा सुती पंचा, डोक्याला बांधा, घाम पुसा, बाळाची झोळी करा, सगळ्याला चालतो (2024 मध्ये युनेस्कोच्या यादीतही आला). दोन्ही मुलांना आम्ही 20,000 रियल दिले होते, ऐकायला लॉटरी पण 4,000 रियलचा साधारण एक डॉलर, म्हणजे 5 डॉलर. डॉलर सगळीकडे चालतात पण सुटे रियलमध्ये मिळतात, आणि जरा फाटलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही.

तिथल्या ख्मेर भाषेतले आकडे आदल्या रात्री शिकवून ठेवले तर मज्जा येते. मोय, पी, बे, बुअन, प्राम. बे म्हणजे तीन! "बे एके बे" घोकणाऱ्या मुलाला हे पचतच नाही. आणि सहा म्हणजे प्राम-मोय, पाच अधिक एक, नऊपर्यंत असंच. शाळेला साला आणि गुरूला क्रू म्हणतात हे कळल्यावर तर दोघं आपल्यासारखे शब्दच शोधत सुटली. नमस्कार आपल्यासारखाच हात जोडून, आभाराला औकुन. लेकीने कॅल्क्युलेटरवर घासाघीस करून 5 चा क्रामा 3 ला आणला, मी मध्ये पडले नाही.

आता फसलो कुठे ते. एका स्टॉलवर मी "प्युअर सिल्क" म्हणून स्टोल घेतला, घरी पहिल्याच धुण्यात रंग सुटून नवऱ्याचे दोन बनियन गुलाबी. बाजारात सिल्क म्हणून पॉलिस्टर बक्कळ खपतं, बाहेरून आलेला मालही खूप, खरं रेशीम हवं तर वर्कशॉपच्या दुकानातूनच घ्या, महाग पडतं.

देवळांपाशी शाळकरी पोरं पोस्टकार्डं, बांगड्या विकायला मागे लागतात. आपली मुलं हट्ट करतात "घे ना बिचारीकडून", पण घेऊ नका, पैसे मिळत राहिले तर ती शाळेत जात नाहीत. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणारे चाइल्डसेफवाले हेच सांगतात, आम्ही मुलांना हे आधीच समजावून ठेवलं होतं तरी लेक रडलीच.

दुपारी 12 ते 3 बाजारात फिरू नका, डिसेंबर असला तरी ऊन लागतं.

लहान्याने त्याच्या पैशात थोडे माझे घालून कातड्याचा हनुमान घेतला, छाया-बाहुल्यांसाठी कोरतात तसला, रामायण तिथे रिआमकेर नावाने चालतं. आमच्या कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर लोक चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात तो त्याने बघितला होता, त्यामुळे लगेच "हा आपलाच आहे" करून मिठी. असं काही घेतलंत तर बॅगेच्या तळाशी, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये आडवं ठेवा. आम्ही कपड्यांवर ठेवला, शेपटी वाकली ती वाकलीच.