पळून जाणाऱ्या खाणकामगाराला सगळ्यांसमोर का मारायचे?

प्रश्न: ताई, आम्ही डिचोलीकडचे, खाणपट्ट्यातच वाढलो. इथलं लोखंडाचं खनिज मुरगावहून जपानला जायचं, त्यामुळे त्या देशाबद्दल कुतूहल आहेच. परवा वाचलं की तिथल्या जुन्या कोळसा खाणींत पळून जाणाऱ्याला बांधून सगळ्यांदेखत मारायची रीतच होती. खरं आहे का? पोलीस नव्हते? – एक वाचक

उत्तर: हो, खरं आहे. नागासाकीजवळच्या ताकाशिमा बेटावरच्या खाणीबद्दल १८८८ साली 'निहोन्जिन' मासिकाने सगळं छापून आणलं, माणसाचे हात मागे बांधून त्याला तुळईला टांगायचे, मारायचे आणि बाकीच्यांना ते बघायला लावायचे. खाण मित्सुबिशीची, १८८१ मध्ये घेतलेली. पण कंपनी कामगारांना थेट ठेवायचीच नाही, मधे मुकादम असायचा. तो लांबलांबच्या गावांतून माणसं आणायचा, आधी उचल द्यायचा, मग राहणं, जेवण, सगळं त्याच्याकडेच आणि पगारही त्याच्याच हातून, सगळं कापून. उचल फिटायचीच नाही हो! म्हणजे माणूस पळाला की मुकादमाचे पैसे बुडाले, म्हणून मार त्याला एकट्याला नसायचा, बघणाऱ्या प्रत्येकाला तो इशारा असायचा.

त्यामुळे याला रीत म्हणायला माझं मन तयार होत नाही, ही सरळ सरळ वसुली होती. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांना उचल काय असते ते वेगळं सांगावं लागणार नाही.

पोलिसांचं म्हणाल तर बेट कंपनीचं, चारी बाजूंनी समुद्र, तक्रार करणार कुठे? लेख आल्यावर बोभाटा झाला, सरकारने चौकशीला अधिकारी पाठवला, तरी तिथली मुकादमी बंद व्हायला १८९७ उजाडलं.

नागासाकी ज्या क्यूशू बेटावर आहे, तिथल्याच चिकुहो भागातल्या खाणींत तर हे पुढेही चाललं. तिथे नवरा कोळसा फोडायचा आणि बायको तो ओढून न्यायची, म्हणजे पळायचं तर रातोरात अख्खं बिऱ्हाडच न्यायला हवं, पोरांसकट! हे आपल्याला कळतं ते साकुबेई यामामोतो यांच्यामुळे. जन्म १८९२, लहानपणापासून खाणीत, आणि म्हातारपणी त्यांनी आठवणीतून शेकडो चित्रं काढली, त्यात ही मारहाणही आहे. २०११ मध्ये युनेस्कोने ती जागतिक स्मृती यादीत घेतली, जपानची पहिलीच नोंद. तागावा शहराच्या कोळसा संग्रहालयात त्यातली बरीचशी आहेत आणि ऑनलाइनही काही बघता येतात, जरूर बघा.