ध्यानाला बसले की इर्विन पूल दिसतो

प्रश्न : मी सांगलीवाडीत राहते. २०१९च्या पुरात आमचा खालचा मजला बुडाला. पुढे दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, आता रोज पहाटे बसते. पण कोयना धरणातून विसर्ग सुरू झाला की डोळे मिटताच सांगलीतल्या कृष्णेवरच्या इर्विन पुलाची पाणीपातळी दिसते. घराची ही ओढ म्हणजे आसक्तीच ना? ती सोडायची म्हणजे पूर येईल तो येऊ दे म्हणायचं का? शेजारच्या आजी तर घरातून हलायलाच तयार नसतात. त्यांना अनित्य, म्हणजे काहीच कायम टिकत नाही हे, कसं समजावू?

उत्तर : ताई, मी कराडची. तुमच्या दारात येणारं पाणी आधी आमच्या प्रीतिसंगमावरून, कृष्णा-कोयनेच्या संगमावरून, जातं, त्यामुळे तुमचा पावसाळा मला परका नाही.

पूर येऊ दे, असं मुळीच म्हणू नका. पातळी बघा, धान्य वर चढवा, घराचे कागद आणि औषधं पिशवीत भरून ठेवा. यात आसक्ती कसली? बुद्धवचनांच्या पाली भाषेत आसक्तीला ‘उपादान’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे इंधन, सरपण. सकाळी आकडा बघितला, इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आपण कुठे आहोत ते कळलं. तिथे काम झालं. त्यानंतर दर दहा मिनिटांनी मोबाइल उघडणं, जुने व्हिडिओ पुन्हा लावणं, हे सरपण घालणं.

माझं सांगते. त्याच पुरात माझ्या आईची गोधडी गेली. सांगलीत मावशीकडे होती. मावशीने टीव्ही माळ्यावर टाकला, गोधडी खाली राहिली. मी दोन महिने तिला फोन केला नाही. तिचं घर गाळाने भरलेलं, आणि मी गोधडीचा हिशेब धरून बसले! संयुत्त निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या संग्रहात त्यांचा दोन बाणांचा दृष्टान्त आहे. एक बाण लागतो तो लागतोच. त्यावर शोक करत, चिडत आपण दुसरा ओढवून घेतो. गोधडी गेली हा पहिला. दुसरा मी स्वतःला मारून घेतला आणि तो मावशीलाही लागला. याची मला आजही लाज वाटते.

पूल दिसला तर दिसू द्या. त्याला हाकलत बसू नका. चित्रावरून अंगाकडे या. छाती आवळलीय? घसा सुकलाय? पालीत ‘वेदना’ म्हणजे नुसतं दुखणं नाही. सुखाची, दुःखाची, कुठलीही संवेदना. ती चढते तशी उतरते, तेवढं बघा आणि श्वासावर परत या. मन शंभरदा पुलावर जाईल, शंभरदा आणावं लागेल.

आजींना मात्र अनित्य समजावू नका. ते आपल्या दुःखावर पडताळून बघायचं असतं. दुसऱ्याच्या दुःखावर तेच ऐकवलं की ऐकणारं माणूस एकटं पडतं. उघडीप असेल त्या दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसा. घर कधी बांधलं ते विचारा, मग निघायची वेळ आली तर सोबत काय काय घ्यायचं ते विचारा. देव असतील, यजमानांचा फोटो असेल. त्या सांगतील तशी पिशवी भरा आणि ती तुमच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा.