पहिल्यांदाच जपानी जेवण, दोघींत हजार रुपये: नागपुरात काय मागवावं?

तुमचा प्रश्न असा आहे: हॉस्टेलवर राहता, दोघी मैत्रिणी, त्यातली एक शाकाहारी. दोघींत मिळून हजार रुपये, जपानी कधी चाखलेलं नाही, तर सुशीचा प्लॅटर घ्यावा का?

घेऊ नका. निदान पहिल्या खेपेला तरी नाही.

माझं काय झालं ते आधी सांगतो. चारेक वर्षांपूर्वी एका मित्राला पार्टी द्यायची होती म्हणून सदरकडच्या एका बऱ्यापैकी हॉटेलात गेलो. मेन्यूतले सुशीचे आकडे बघूनच घाम फुटला. त्याच्या खालीच साशिमी नावाचं काहीतरी दीडशे रुपयांनी स्वस्त दिसलं. म्हटलं लहान सुशी असेल, चालेल. काळ्या फरशीच्या तुकड्यासारख्या ताटलीत माशाचे पाच काप आले. सोबत किसलेला पांढरा मुळा आणि एक पान. आम्ही दोघं भाताची वाट बघत बसलो. पंधरा मिनिटांनी मी वेटरला विचारलं, "भाऊ, भात राहिला ना." तो अगदी अदबीनं म्हणाला, "सर, ह्याच्यासोबत भात नसते." पाच काप अडीच-अडीच वाटून घेतले आणि तिथून निघालो ते थेट सावजीत. त्या दिवशी पार्टी खरी झाली ती तिथेच.

तर पहिली गोष्ट ही. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर, मीठ लावलेला भात. त्यासोबत मासा असेल, काकडी असेल, अंडं असेल. साशिमी म्हणजे नुसते कच्च्या माशाचे काप. मेन्यूत हे दोन शब्द शेजारी असतात आणि खिशाला भोक पडतं ते तिथेच. आणि आपल्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर. कच्चा मासा चांगला हवा तर तो बर्फातून, विमानातून यावा लागतो, त्याचे पैसे लागणारच. स्वस्तात मिळाला तर मी खाणार नाही.

धरमपेठ, रामदासपेठ, सदर ह्या भागांत 'पॅन-एशियन' (चिनी, थाई, जपानी सगळं एकत्र) पाटीची हॉटेलं आणि कॅफे बघा. फक्त जपानी असं शोधत बसलात तर बजेट तिथेच संपेल. अशा ठिकाणी मी हे मागवीन: शाकाहारी मैत्रिणीसाठी काकडीचा किंवा अव्होकॅडोचा सुशी रोल (समुद्री पानात गुंडाळलेला भात, तुकडे करून), तुमच्यासाठी चिकन कात्सु करी. माझं मागचं बिल असं होतं: रोल 320, करी 390, वर पाच टक्के जीएसटी, म्हणजे साडेसातशेच्या आत. पाणी साधंच मागा, बाटली नको. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो द्यायची सक्ती नाही, काढायला सांगता येतो. लाजू नका. उरलेल्या अडीचशेचं काय करायचं ते खाली सांगतो.

कात्सु करीच का? कारण ती ओळखीची वाटते. ही करी जपानला थेट आपल्याकडून गेली नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मेइजी काळात इंग्रजांच्या मार्फत तिथे पोचली, म्हणून तिच्यात मैदा भाजून घातलेला असतो आणि चव थोडी गोडसर. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला चिकनचा तुकडा, शेजारी भाताचा ढीग, वर घट्ट रस्सा. पोट भरतं. सावजीच्या तर्रीवर वाढलेल्या माणसाला ती पहिल्या घासाला अगदीच मवाळ लागेल, दुसऱ्या-तिसऱ्या घासाला आवडायला लागते. काही ठिकाणी पनीर किंवा भोपळ्याचं कात्सु मिळतं. ते असेल तर दोघींनी एकच घेऊन वाटून खा, आणखी पैसे वाचतील.

रामेन, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स? थंडीत घ्या. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उकळत्या रश्श्याचं वाडगं घेऊन बसायचं काही कारण नाही. आणि रामेनमध्ये शाकाहाऱ्याची फसगत ठरलेली.

हे जरा नीट सांगतो, कारण मेन्यूवर हिरवा ठिपका असूनही वेटरला पुष्कळदा ठाऊक नसतं. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचं पाणी, आपल्याकडे आमटीला कट लागतो तसं. ते बनतं कोंबू ह्या समुद्री वनस्पतीपासून आणि कात्सुओबुशीपासून. कात्सुओबुशी म्हणजे वाळवून, धुरावून, लाकडासारखा कडक केलेला मासा, रंध्यानं तासल्यासारखा. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेलं सूप दिसायला शाकाहारी, आत दाशी. तळलेल्या टोफूवर (सोयाबीनच्या पनीरवर) ओततात ते सॉस, त्यातही दाशी. टेम्पुराच्या, म्हणजे जपानी भज्यांच्या, पिठात बऱ्याचदा अंडं असतं. म्हणून 'व्हेज आहे का' असं विचारू नका. 'ह्यात माशाचा स्टॉक आहे का, अंडं आहे का' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, दुसऱ्याला आत जाऊन विचारून येतात.

ह्याच दाशीतून एक गंमत निघाली. 1908 साली तोक्योतल्या किकुनाए इकेदा ह्या रसायनशास्त्रज्ञानं कोंबूच्या रश्श्यात एवढं काय आहे म्हणून शोधलं, तर ग्लुटामेट सापडलं. त्या चवीला त्यानं नाव दिलं उमामी. पुढच्याच वर्षी ती पूड बाजारात आली, अजिनोमोटो. म्हणजे हॉस्टेलच्या कोपऱ्यावर चायनीजच्या गाडीवाला हाका नूडल्सवर चिमूटभर पांढरं टाकतो ना, तेव्हापासून तुम्ही जपानी खात आला आहात. रात्री दोन वाजता किटलीत शिजवता त्या झटपट नूडल्सही जपानच्याच, 1958 मध्ये मोमोफुकु आंदो ह्यांनी काढलेल्या. 'जपानी कधी चाखलेलं नाही' हे तुमचं वाक्य तेवढं दुरुस्त करून घ्या.

टेबलावरचं पटकन सांगतो. हिरवा गोळा ही सांबाराची (कोथिंबिरीची) चटणी नाही, वासाबी आहे, तीही बहुतेक ठिकाणी खरी नसते, हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळात रंग घातलेला असतो. मोहरीच्या दाण्याइतकी लावा, ती नाकात चढते. गुलाबी आल्याचे काप दोन घासांच्या मध्ये खायचे. सुशी हातानं खाल्ली तरी चालते, जपानातही खातात. सोया सॉसमध्ये मासा बुडवायचा, भात बुडवलात तर तो सुटून वाटीत पसरतो. नूडल्स भुरके मारून खाल्ल्या तर तिथे कुणी नाक मुरडत नाही. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, मेलेल्या माणसापुढे भात ठेवतात तेव्हा तसं करतात.

आता उरलेले अडीचशे. त्यात नोरीचं पाकीट आणा. नोरी म्हणजे रोलभोवतीचं ते काळं-हिरवं समुद्री पान. मला दहा पानांचं पाकीट ऑनलाइन साधारण तेवढ्यालाच मिळालं होतं. दहा पानं म्हणजे दहा रोल, एका रोलचे सहा-आठ तुकडे. हॉटेलातल्या एका रोलच्या पैशांत घरी अख्ख्या मजल्याला खायला घालाल.

तांदूळ महागडा जपानी नको. आपल्याकडे आई लोक जुना तांदूळ शोधतात, मोकळा फडफडीत भात व्हावा म्हणून. इथे बरोबर उलटं. नवा तांदूळ घ्या, ज्याला घरी 'गिच्च होते' म्हणून नावं ठेवतात तो. इंद्रायणी मिळाला तर उत्तमच. तीन-चार वेळा धुवा, अर्धा तास भिजवा, मऊ शिजवा. वाटीभर तांदळाला दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक मोठा चमचा साखर, अर्धा लहान चमचा मीठ हे विरघळवून गरम भातावर घाला. पळीनं कापल्यासारखं हलवा, ढवळू नका. एकीनं हलवायचं, दुसरीनं वर्तमानपत्रानं वारा घालायचा. भाताला चकाकी येते, तेव्हा थांबा. बांबूची चटई नसेल तर धुतलेला सुती रुमाल पोळपाटावर पसरा, त्यावर नोरी, हात ओला करून भाताचा पातळ थर, काकडीची लांब फोड, आणि रुमालासकट घट्ट गुंडाळा. सुरी ओली करून कापा. माझा पहिला रोल पुरणपोळी फुटावी तसा फुटला होता. तिसरा बरा झाला.

नागपूरची एक अडचण मात्र आहे. मे महिन्यात नोरी पापडासारखी कुरकुरीत राहते, जुलैत पाकीट उघडल्यावर दहा मिनिटांत लोळागोळा. मग तिला तव्यावर दोन-चार सेकंद शेकून घ्यायची, पुन्हा ताठ होते.

आणि एक, मेन्यूत एदामामे दिसेल. तीनशे रुपयांच्या पुढे. ते मागवायचं नाही! एदामामे म्हणजे मिठाच्या पाण्यात उकडलेल्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. मिसो, टोफू, सोया सॉस सगळं सोयाबीनचंच, आणि आपण विदर्भात एवढं सोयाबीन पिकवतो ते सरळ तेलाच्या मिलला घालतो. माझ्या मामाचं शेत उमरेडकडे आहे. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात, शेंगा हिरव्या भरल्या होत्या आणि फवारणी होऊन बरेच दिवस झाले होते, तेव्हा मी ओंजळभर तोडून आणल्या. नीट धुऊन, भरपूर मीठ घालून दहा-बारा मिनिटं उकडल्या. सोयाबीन कच्चं खायचं नसतं, तेव्हा शिजवण्यात घाई नको. शेंग दातांत धरून ओढली की दाणे तोंडात, साल बाहेर, हुरड्याच्या दिवसांत आपण खातो तसंच. हॉटेलातल्यापेक्षा दाणे बारीक आणि कमी गोड, कारण वाण तेलाचं. पण चव तीच. आजोबा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "हे ढोरायचं खाणं होय बाबू." मग चार शेंगा उचलल्या, खाल्ल्या, आणि मीठ कमी आहे म्हणाले.

तुमच्यापैकी कुणाचं घर सोयाबीनच्या पट्ट्यात असेल तर पोळ्यानंतर गावी जाल तेव्हा दोन मुठी घेऊन या.