बांधकामापासून वाचवायला टेकड्या विकत घ्यायच्या तर महापालिकेने पैसा आणायचा कुठून? जगात कुठल्या शहराने हे केलंय का?

केलंय की. मी काही वर्षं नोकरीसाठी अमेरिकेत कोलोरॅडोत बोल्डरला राहिलो, घर पुण्यात कोथरूडला, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी जिव्हाळ्याचा आहे. बोल्डर म्हणजे लाखभर वस्तीचं गाव, मागे सरळ उभे कडे, आणि त्या गावाने आजूबाजूची ४५ हजार एकरांच्या वर जमीन सांभाळून ठेवलीय. शहर स्वतः साधारण १७ हजार एकर, म्हणजे गावापेक्षा गावाची मोकळी जमीन अडीचपट.

पैसा आला कुठून तर सेल्स टॅक्समधून. १९६७ साली लोकांनी मतदान करून स्वतःवर एक टक्का कर लावून घेतला, त्यातला ०.४ टक्का जमिनी घ्यायला आणि ०.६ टक्का रस्त्यांना. म्हणजे शंभर डॉलरच्या खरेदीवर ४० सेंट. नुसत्या टेकड्यांसाठी मत मागितलं असतं तर काय झालं असतं देव जाणे, पण रस्ते आणि टेकडी एकाच कागदावर आणल्यामुळे ज्याला टेकडीशी देणंघेणं नाही त्यालाही खड्ड्यांसाठी का होईना हो म्हणायला कारण मिळालं. मला ही सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. पुढे १९८९ ला आणखी ०.३३ टक्का वाढवला, तोही मतदानानेच.

पण नुसता कर पुरत नाही, कारण कर जमतो थेंबाथेंबाने आणि जमिनीचा भाव तोवर कुठल्या कुठे जातो. त्यामुळे खरा खेळ बाँडचा, म्हणजे गुंतवणूकदारांकडून काढलेल्या कर्जाचा आहे. १९६२ मधे एन्चँटेड मेसा नावाच्या डोंगरउतारावर हॉटेल होणार होतं, तेव्हा गावाने १ लाख ५ हजार डॉलरचे बाँड काढून ती जमीन घेतली. मग १९७१ ला शहराच्या चार्टरमधेच, म्हणजे मूळ नियमावलीतच तरतूद केली की या करावर कर्ज काढता येईल. आज जमीन घ्या, हप्ते पुढच्या वीस वर्षांच्या करातून भरा, साधं होम लोनचं गणित.

शिवाय प्रत्येक जमीन पूर्ण विकत घेत नाहीत. काही ठिकाणी शेतकऱ्याकडून फक्त बांधकामाचा हक्क विकत घेतात, जमीन आणि शेती त्याचीच राहते. घेतलेल्या जमिनींपैकीही काही परत शेतकऱ्यांना भाड्याने दिल्यात, म्हणून तिथे फिरायला जाताना पायवाटेवर लोखंडी गेट लागतं, उघडून आत जायचं आणि आठवणीने लावायचं, नाहीतर गुरं बाहेर. पहिल्या दिवशी मी ते उघडंच ठेवून पुढे गेलो आणि मागून येणाऱ्या एका आजींनी अशी काही हाक मारली की बस.

आणि हो, एक गोष्ट त्यांनी फुकटात केली. १९५९ मधे ठरवलं की ५,७५० फुटांच्या वर शहर पाणीच देणार नाही. पाणी नाही तर बंगले कसे होणार, आणि बंगले होणार नाहीत तर जमिनीचा भाव आटोक्यात!

आता आपल्याकडे. पुण्यात १९९७ ला जी गावं हद्दीत आली त्यातल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, ९७८ हेक्टर, म्हणजे जेमतेम अडीच हजार एकर, आणि त्यातली बरीच खाजगी मालकीची. रोख घ्यायची तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाजारभाव आणि वर तेवढीच सोलेशियम (दिलासा) रक्कम, म्हणजे दुप्पट. महापालिकेकडे एवढी रोकड नाही म्हणून ८ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ केला, मालक म्हणतात एवढ्यात काय होतं, त्यामुळे घोडं तिथेच अडलंय. टीडीआर म्हणजे नोट छापण्यासारखं आहे, महापालिकेचा खिसा हलका होत नाही पण टेकडीवरचा एफएसआय, म्हणजे बांधता येणारं क्षेत्र, कुठल्यातरी गल्लीत दोन मजले होऊन उभा राहतो. तरी मालकाला शून्य देण्यापेक्षा बरं, हेही खरं.

बोल्डरचा कर इथे जसाच्या तसा चालणार नाही. २०१३ ला पुण्याची जकात गेली, मग तिच्या जागी एलबीटी हा स्थानिक कर आला, २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांचा तोही गेला, २०१७ ला जीएसटी आला. विक्रीवर कर लावायचं हत्यारच आता महापालिकेच्या हातात नाही. उरतो प्रॉपर्टी टॅक्स. बाँड काढणं मात्र जमतं, २०१७ ला पाणीयोजनेसाठी पुण्याने ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उभे केलेच की. म्हणजे टेकडीच्या नावाने वेगळा छोटा उपकर, तो दुसरीकडे वळवता येणार नाही अशा खात्यात, आणि त्याच्या जोरावर बाँड, एवढं मला तरी शक्य वाटतं. सगळ्या ९७८ हेक्टरांना तो पुरणार नाही, पण जिथे आत्ता बुलडोझर उभा आहे ते तुकडे तरी आधी घेता येतील.

बोल्डरचं सगळंच गोड आहे असं नाही, हद्द बांधल्यामुळे घरं इतकी महाग झालीत की तिथले शिक्षक, नर्स बाहेरगावाहून ये-जा करतात.

आणि लोक पैसे द्यायला तयार होतील का म्हणाल, तर मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी विचारलं होतं, मागची टेकडी वाचवायला वर्षाला पाचशे रुपये जास्त टॅक्स भराल का. तिघांनी अंगठा दाखवला, एकाने विचारलं वर पार्किंग असणार का.