चौथीचा पेपर, चाळिशीचे परीक्षार्थी

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत. पालकसभेत, सोसायटीच्या कार्यक्रमात, नाहीतर घरच्या घरी मोठ्यांना मुलांचा पेपर सोडवायला बसवतात. मग कोणाला तरी वाईट वाटतं आणि पत्र माझ्याकडे येतं. मी पहिली ते चौथीच्या वर्गांवर बरीच वर्षं काढली. हा उद्योग मीही केलाय. माझ्या पहिल्या पालक-पेपरला एक वडील तिसऱ्या प्रश्नावर "आलोच" म्हणून बाहेर गेले, ते थेट पुढच्या सभेला दिसले.

प्रश्न : मुलीच्या शाळेत पालकांना चौथीचा पेपर दिला. मला २५ पैकी ११. मी पदवीधर आहे, नोकरी करते. लेक आता शेजारीपाजारी सगळ्यांना सांगत फिरते. मी इतकी विसरले कशी?
— एक आई, इंदिरानगर

ताई, तुम्ही पेपर सोबत पाठवलात हे बरं केलंत. मी तो नीट पाहिला. शाब्दिक उदाहरणं तुमची सगळी बरोबर आहेत. गेलेत ते लांबलचक भागाकाराचे, फुलपाखराच्या अवस्थांचे आणि 'अंशाधिक अपूर्णांक कशाला म्हणतात' याचे गुण. म्हणजे गेली ती नावं आणि न वापरलेल्या रीती. मोबाइलवर हिशेब करणाऱ्या बाईनं तीन अंकी भागाकार शेवटचा कधी मांडला असेल?

विसरण्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास एबिंगहाउस या जर्मन माणसानं केला आणि १८८५ मध्ये तो छापला. निरर्थक अक्षरजोड्या तो स्वतःच पाठ करायचा आणि स्वतःच स्वतःची परीक्षा घ्यायचा. तासाभरातच निम्म्याहून जास्त उडून जायचं. पण त्याला आणखी एक गोष्ट आढळली, ती फारशी कोणी सांगत नाही : विसरलेलं पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे पाटी पुसली तरी खालचा ओरखडा राहतो. १९९१ मध्ये अमेरिकेत बाहरिक आणि हॉल यांनी शाळेतलं बीजगणित पन्नास वर्षांनी किती उरतं ते तपासलं. पुढे कॉलेजात वरचं गणित केलेल्यांचं जवळजवळ शाबूत होतं. शाळेतच थांबलेल्यांचं, तेव्हा गुण चांगले असूनही, बहुतेक गेलं होतं. यात हुशारीपेक्षा वापर किती झाला याचा वाटा मोठा.

तेव्हा दोन संध्याकाळी लेकीकडून भागाकार शिकून घ्या आणि आठवड्यानं तसलाच दुसरा पेपर सोडवा. तपासायला तिलाच द्या, पण उत्तरसूची न देता. मग तिलाही प्रत्येक गणित सोडवावं लागेल आणि शेजारी फिरायला वेळ कमी उरेल.

प्रश्न : ८ ÷ २(२ + २) याचं उत्तर किती? आमच्या ग्रुपवर तीन दिवस भांडण चाललंय. मी १६ म्हणतो, मेहुणा १.
— सिडको

प्रश्न मांडणाऱ्यानं खोडी केली आहे. प्राथमिकच्या पुस्तकात २ आणि कंसाच्या मध्ये गुणाकाराचं चिन्ह असतं. ते घाला, मग डावीकडून उजवीकडे जात उत्तर १६ येतं. चिन्ह गाळलं की वरच्या वर्गातला बीजगणितवाला '२(२ + २)' ही एकच जोडी समजतो आणि त्याला १ मिळतो. मेहुण्याशी समेट करा.

पण या निमित्तानं एक सांगते. मोठ्यांना 'कंचेभागुबेव' (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पाठ असतं आणि नेमकं तेच त्यांना पाडतं. १० − ४ + ३ सोडवून पाहा. 'बे' आधी आणि 'व' नंतर म्हणून कितीतरी जण ४ + ३ = ७ करतात आणि १० मधून ७ वजा करून ३ लिहितात. उत्तर ९ आहे. बेरीज-वजाबाकी एकाच पंक्तीला बसतात, त्यांत जी आधी येईल ती आधी करायची. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. ही चूक मी मुलांपेक्षा पालकांच्या पेपरात जास्त वेळा लाल केली आहे.

प्रश्न : सोसायटीत 'पालक विरुद्ध मुलं' अशी स्पर्धा ठेवतोय. तिसरी-चौथीच्या पुस्तकांतून प्रश्न काढायचे आहेत. मागच्या वर्षी मुलं जिंकली, पण मोठे म्हणाले, "हे नुसतं पाठांतर आहे." प्रश्न कसे काढावेत?
— सोसायटीचे सचिव, गंगापूर रोड

मोठ्यांची तक्रार खरी आहे. २००८ साली शाहरुख खाननं टीव्हीवर पाचवीच्या मुलांसमोर मोठ्यांना उभं केलं होतं, तेव्हा घराघरांत हा खेळ सुरू झाला. मजा होती, पण अशा खेळात वर्षभर पुस्तकासोबत बसलेला आणि तीस वर्षांपूर्वी पुस्तक मिटलेला एकाच रेषेवरून पळतात. निकाल आधीच ठरलेला.

माझा सल्ला असा : उत्तर सोपं पण 'का' अवघड, असे प्रश्न काढा. एका शब्दाच्या उत्तराला एक गुण, कारणाला तीन. आपल्या नाशकात असे प्रश्न रस्त्यावर पडलेले आहेत.

'उन्हाळ्यात उकडतं, कारण तेव्हा पृथ्वी सूर्याजवळ असते' — चूक की बरोबर? निम्मे पालक छातीठोकपणे बरोबर म्हणतील, पैज लावा. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब, सुमारे १५.२ कोटींवर असते. आणि त्याच जानेवारीत निफाडला पारा इतका खाली येतो की द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. मग ऋतू का होतात? पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून. कलण्यामुळे सूर्य कधी डोक्याकडे चढतो, कधी तिरपा राहतो आणि दिवसही लहानमोठा होतो. पालक पडले तर त्यांना सांगा की १९८७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू किंवा चंद्रकला का होतात असं विचारलं होतं. त्यांतल्या २१ जणांना धड सांगता आलं नाही. जमलं तर मे महिन्यात २० तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला सोसायटीच्या गच्चीवर एक काठी सरळ उभी करा. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे त्या सुमाराला सावली पायाखाली गडप होते. मोठी माणसं तेव्हा लहान होतात, मी पाहिलंय.

दुसरा प्रश्न : रामकुंडात सोडलेला दिवा विझला नाही, बुडला नाही, तर कोणत्या समुद्राला जाईल? बंगालच्या उपसागराला, हे बहुतेकांना येतं. आता 'का' विचारा. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटरची वाट धरते. पश्चिमेला घाटाचा कडा आहे आणि पठाराचा उतार पूर्वेला आहे म्हणून. आणि त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला जाते. पाणी कोणत्या बाजूला पडलं एवढ्यावर समुद्र बदलतो. हे चौथीच्या मुलानं मातीच्या ढिगावर तांब्यानं पाणी ओतून दाखवलं, तर त्याला चार गुण द्या. मला विचाराल तर पाच.

तिसरी फेरी मुलांनी काढलेल्या प्रश्नांची ठेवा, अट एवढीच की विचारणाऱ्याला उत्तर समजावून सांगता आलं पाहिजे. 'जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं सांगा' ठेवायला हरकत नाही. पंधरा आहेत, आणि देवळा हमखास राहून जातो. पण एकच ठेवा.

संघ मिसळून केले तर आणखी बरं, प्रत्येक संघात दोन मोठे आणि दोन लहान. 'विरुद्ध' हा शब्द फलकावरून काढून टाका.

प्रश्न : महाराष्ट्रात जिल्हे किती, असं मुलानं विचारलं. मी ३० म्हणालो. तो हसत सुटला.
— नाशिकरोड

तुम्ही ३० म्हणालात म्हणजे तुम्ही १९८२ ते १९९० च्या दरम्यान प्राथमिक शाळेत होतात. उत्तर चुकलं, पण वय बरोबर सापडलं. १ मे १९६० ला २६ जिल्हे होते. १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ ला लातूर आणि गडचिरोली झाले, ते तुमचे ३०. मग १९९० ला मुंबई उपनगर, १९९८ ला वाशीम आणि नंदुरबार, १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि ३६ भरले. मुलाला म्हणावं, तूही हा आकडा जपून ठेव, तुझी मुलं हसतील.

प्रश्न : आमच्या वेळी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्धा, सव्वा, दीडचे पाढे तोंडपाठ असायचे. नातीला साधं 'त्र्याहत्तर' म्हणता येत नाही, ती 'सत्तर तीन' म्हणते. आजच्या पोरांची परीक्षा आम्ही म्हाताऱ्यांनी घ्यावी, असं वाटतं.
— एक आजोबा, पंचवटी

आजोबा, जरूर घ्या. पण आधी नातीची बाजू ऐका. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तर तीन' आलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा सांगितलं होतं की जुनी नावं काढलेली नाहीत, नवी रीत जोडीला दिली आहे. त्यामागची अडचण मी वर्गात रोज पाहिली. 'त्र्याहत्तर' म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि सत्तर मागून. पोर ऐकलं तसं लिहितं : ३७. कन्नड किंवा तेलुगू मुलाला हा त्रास नाही, त्याच्या भाषेत दशक आधी येतं. शिवाय आपल्याकडे एकोणतीस, एकोणचाळीस असे पुढच्या दशकाचं नाव लावून फिरणारे मागच्या दशकातले आकडे आहेत. माझं मत विचाराल तर पहिली-दुसरीत 'सत्तर तीन'चा आधार द्यावा आणि तिसरीपर्यंत 'त्र्याहत्तर' पक्कं करून घ्यावं, कारण बाजारात भाजीवाल्या मावशी 'सत्तर तीन' म्हणणार नाहीत.

आता तुमची पावकी. ती होती कारण रुपयाचे १६ आणे होते आणि मणाचे ४० शेर. पाव आणि सव्वाशिवाय दुकानच चालत नसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि तिच्या पायाखालची जमीन हळूहळू सरकली. पण ती फेकून देण्यासारखी नाही. नातीला 'सोळा सवाय वीस' म्हणून दाखवा आणि विचारा, वीसच का? तिनं सोळा आणि सोळाचा पाव चार, अशी फोड केली तर तिला अपूर्णांक कळला. मग तिला 'औट' म्हणजे किती ते विचारा. ते तिच्या आईवडिलांनाही येणार नाही. साडेतीन!

प्रश्न : माझ्या सासूबाई साठीच्या आहेत, कधी शाळेत गेल्या नाहीत. आता नवसाक्षरांच्या परीक्षेला बसणार आहेत. घरात मुलगा सरावाचा पेपर पाहून म्हणाला, "हे तर आमचं दुसरीचं!" तेव्हापासून त्या पुस्तक उघडत नाहीत.
— पेठ तालुका

मुलाचं निरीक्षण बरोबर आहे, वेळ चुकली. उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे आणि १५ वर्षांपुढच्या, शाळा न पाहिलेल्या माणसांसाठी आहे. परीक्षा १५० गुणांची असते : वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. पातळी मुलांच्या पहिल्या इयत्तांची असली तरी परीक्षार्थी दुसरीतला नाही. त्या पन्नास वर्षं घर चालवून आल्या आहेत.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर फळं विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. पस्तीसचा एक, तर दहा नारळ कितीला? मुलगा म्हणाला, तिनाचे एकशेपाच, आणखी तीन, दोनशेदहा... असं करत साडेतीनशेवर पोचला. बाजारात अशी ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं आकड्यांत कागदावर दिली तेव्हा ३७ टक्के. सासूबाईंना संख्याज्ञानाचा भाग अवघड वाटत असेल तर पुस्तक बाजूला ठेवा. आठवडे बाजारात दीड किलो कांद्याचे पैसे त्या मनात कसे करतात ते विचारा, त्या सांगतील तसं तुम्ही चिन्हांत लिहा आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. गणित त्यांचंच आहे, फक्त लिपी नवी आहे.

वाचनाला एसटीची पाटी, गॅसच्या पावतीवरचं नाव, नातवाच्या वहीचं लेबल. मुलाला शिक्षक करा, पण एका अटीवर : एक धडा त्यानं शिकवायचा, एक गोष्ट त्यांनी त्याला. नागलीच्या भाकरीचं पीठ किती ऊन पाण्यात मळतात, हे त्याच्या दुसरीच्या पुस्तकात नाही.

आणि साठीला वाचनाचा मोठा अडथळा बऱ्याचदा अक्षरं नसतात, डोळे असतात. आधी जवळचा नंबर तपासून घ्या. परीक्षा तीन तासांची आहे, त्या दिवशी चष्मा घरी राहायला नको.