बास्केटबॉलमधील बॉल स्क्रीनविरुद्धचा बचाव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा गार्ड, म्हणजे रिंगपासून दूर खेळणारा चपळ खेळाडू, प्रत्येक स्क्रीनमध्ये अडकतो. त्याने स्क्रीनच्या वरून जावे की खालून?

उत्तर : स्क्रीन म्हणजे चेंडूवाल्याच्या सहकाऱ्याने (स्क्रीनरने) बचावपटूच्या वाटेत उभे राहून केलेला अडथळा. स्क्रीनर आणि चेंडूवाला यांच्या मधून जाणे म्हणजे वरून, स्क्रीनरच्या मागून रिंगच्या बाजूने जाणे म्हणजे खालून. काय करावे, ते चेंडू कोणाच्या हातात आहे यावर ठरते. समोरचा खेळाडू ६.७५ मीटरच्या, तीन गुणांच्या रेषेबाहेरून भरवशाने बास्केट करीत असेल, तर खालून जाणे म्हणजे त्याला मोकळा शॉट बहाल करणे होय. तो मुख्यतः आत घुसणारा असेल, तर खालून जाऊन त्याची वाट अडवणेच इष्ट. मात्र गार्ड अडकतो यात त्याच्या पायांपेक्षा मागच्या उंच सहकाऱ्याच्या मौनाचा दोष बहुधा अधिक असतो. गार्डला येणारा स्क्रीन दिसत नाही. ‘स्क्रीन डावीकडे’ ही हाक वेळेत आली, तर तो चेंडूवाल्याला भिडतो, पुढचा पाय स्क्रीनरच्या पायापलीकडे टाकतो आणि खांदा तिरका करून निसटतो. धडकेनंतर आलेली हाक ही नुसती बातमी असते.

प्रश्न : आमचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा खेळाडू) उंच, पण संथ आहे. त्याने बाहेर येऊन चेंडूवाल्याला अडवावे का?

उत्तर : नाही, त्याने ‘ड्रॉप’ करावे. फ्री थ्रो रेषेच्या आत थांबून चेंडूवाला आणि रिंगकडे धावणारा स्क्रीनर हे दोघेही आपल्या समोर ठेवावेत, आणि मधल्या अंतरावरचा शॉट खुशाल देऊ करावा. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत बचाव करणाऱ्याने रिंगसमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक थांबू नये असे बंधन नाही, अमेरिकेतील एनबीए लीगमध्ये आहे; तरीही तेथे सेंटर ब्रुक लोपेझने मिलवॉकी बक्स संघासाठी हाच बचाव यशस्वी केला.

प्रश्न : चेंडूवाल्यावर दोघांनी ट्रॅप लावला तर?

उत्तर : चेंडू सुटताच उरलेल्या तिघांना चौघांशी झुंजावे लागते. मायामी हीट संघाने आक्रमक ट्रॅपच्या बळावर एनबीएची २०१२ आणि २०१३ ची विजेतेपदे मिळवली. २०१४ च्या अंतिम मालिकेत सॅन अँटोनिओ स्पर्सच्या झटपट पासिंगने तोच बचाव ४-१ असा उघडा पाडला. फ्री थ्रो रेषेजवळ पास घेणाऱ्या स्क्रीनरसमोर विरुद्ध बाजूचा, रिंगच्या सर्वांत जवळचा बचावपटू कधी येणार, आणि त्याने सोडलेला कोपरा कोण सांभाळणार, हे सरावात घोटलेले नसेल, तर ट्रॅप लावूच नये.

प्रश्न : मग सरसकट स्विच, म्हणजे दोन बचावपटूंनी आपापले प्रतिस्पर्धी अदलून घेणे, सोपा नाही का?

उत्तर : उंची जवळपास सारखी असेल, किंवा शॉट क्लॉकवर (शॉट घेण्याची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर) चार-पाच सेकंदच उरले असतील, तर जरूर करावा. अन्यथा ठेंगण्या गार्डच्या वाट्याला समोरच्या संघाचा सेंटर येतो. अशा वेळी गार्डने त्या सेंटरच्या मागे न थांबता पुढे येऊन पासची वाट रोखावी.